आठशे मिलिग्रॅम

कारखान्याच्या दारातली तपासणीची कमान सुरू झाली त्या दुपारी पहिल्या पाळीची त्र्याहत्तर माणसं तिच्याखालून बाहेर पडली आणि लाल दिवा एकदाच लागला. दिव्याखाली यशवंत भुवड उभा होता. कमान ज्या इंजिनियर बाईने बनवली होती ती हेमलता भुवड, त्याची सख्खी धाकटी बहीण.

दोन रक्षकांनी यशवंतला शेजारच्या खोलीत नेलं. बूट, मोजे, बनियन, डबा, डब्यातला उरलेला भात, सगळं बघितलं. मग उरलेले कपडेही उतरवायला लावले. तोंड उघडायला सांगितलं आणि जिभेखाली बोट फिरवलं. काही मिळालं नाही. नुसत्या टॉवेलवर त्याला पुन्हा कमानीखालून काढलं, तरी दिवा लाल. हेमलता काचेपलीकडे पाठ करून उभी होती.

"झालं? का अजून काही बघायचंय?" यशवंतने पँट चढवता चढवता विचारलं. विचारत होता तो रक्षकांना, पण आवाज काचेपलीकडे पोचेल एवढा ठेवला होता.

हेमलता आत गेली. "दादा, एकदा पाठमोरा उभा राहतोस?"

"तू सांगशील तसा. मशीन तुझं आहे."

तो पाठमोरा उभा राहिला. हेमलताने पडद्यावर छातीचा नकाशा मोठा केला. चोरलेली पुडी एका जागी असते, तिचा ठिपका एकच दिसतो. इथे दोन्ही बाजूंना, खांद्याखालपासून बरगड्यांच्या शेवटापर्यंत, दोन रुंद पानं पसरावीत तशी बारीक ठिपक्यांची आकृती होती. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, नऊशे चाळीस मिलिग्रॅम. हेमलताने तो पुसून पुन्हा मोजला. तोच आला.

तिने रक्षकांना सांगितलं, मशीनमध्ये दोष आहे, यांना सोडा.

दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या कंपनीत भाताच्या पेंढ्यापासून साबणाचा, रंगाचा आणि प्लॅस्टिकचा कच्चा माल तयार होत असे. खनिज तेलाचे कारखाने एकेक करून बंद पडत होते ते हे दिवस. पेंढा कोंडून तापवला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण निघतं. ते वनस्पतिजन्य तेलापासून काढलेल्या साखळ्यांना जोडायचं, एवढंच काम. पण ही जोडणी आपोआप होत नाही. मध्ये कुणीतरी दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यावे लागतात. तो उत्प्रेरक. तो क्रिया घडवून आणतो आणि स्वतः जसाच्या तसा उरतो.

कोबाल्ट हे काम करतो, पण त्याला भयंकर दाब लागतो. ऱ्होडियम तेच काम सौम्य दाबाखाली आणि कितीतरी पट वेगाने करतो, पण ऱ्होडियम पृथ्वीवर जवळजवळ नाहीच. दुसऱ्या धातूंच्या खाणीत त्याचा अंश सापडतो. दोघांचा मिश्रधातू केला, त्याचे रेणूंच्या मापाचे कण कोळशाच्या भुकटीवर बसवले, की ती पूड दोघांच्याही वरचढ निघते. शिवाय कोबाल्ट लोहचुंबकाला चिकटतो, त्यामुळे काम झाल्यावर पूड चुंबकाने ओढून परत घेता येते. आणि ऱ्होडियमच्या संगतीत कोबाल्ट लवकर विरघळत नाही, त्यामुळे तीच पूड शेकडो वेळा वापरता येते. कामगार तिला काजळी म्हणत. ओढून घेतलेली काजळी धुवायची, वाळवायची आणि चाळायची. हे सगळं चाळण विभागात चाले. तिथल्या प्रत्येक फेरीत काजळी थोडी कमी भरायची. कुठे जाते ते कळत नव्हतं, म्हणून कमान.

कमान माणसाला क्षणभर चुंबकीय क्षेत्रातून नेई आणि लगेच मोजे, की त्याच्या अंगावर काही चुंबकत्व मागे उरलंय का. नऊशे मिलिग्रॅम काजळीपेक्षा जास्त भरेल एवढं उरलं तर दिवा लाल. हेमलताला आता कळलं होतं, की तिने चोर पकडायचं यंत्र बनवलेलं नव्हतं.

प्रकल्पप्रमुख सबनीस शांतपणे बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, सर्वांच्या छातीचे नकाशे पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे चोरी नाही," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच हायसं वाटल्याचं दिसत होतं. "मला फार वाईट वाटत होतं हो. आपलीच माणसं."

"सर, काजळी त्यांच्या फुफ्फुसांत आहे. ती तिथे नुसती पडून राहणार नाही. उत्प्रेरक आहे तो. श्वासातला ऑक्सिजन रोज मिळतोय त्याला. आजूबाजूच्या पेशी जाळत राहील आणि स्वतः संपणार नाही. मिश्रधातू असल्यामुळे विरघळून लघवीवाटे जाणारही नाही."

"मान्य. बंद चाळण आपण मागवलेलीच आहे. आठ महिन्यांत येईल. मग धूळ हा विषयच राहणार नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तोपर्यंत एक करा. आज प्रत्येकाचा जो आकडा आहे तो मूळ धरा आणि वजा करा. दिवा फक्त वाढीवर लागू दे. कुणाला कपडे काढायला लागू नयेत. तुमच्या भावाचं जे झालं ते पुन्हा व्हायला नको."

"आणि त्यांना काय सांगायचं?"

"आज सांगितलं तर उद्या विभाग बंद. पेंढा देणारी बारा गावं बसतील. आठ महिने, भुवड मॅडम. मी लपवा म्हणत नाही. थांबा म्हणतोय."

गुप्ततेचा कागद एक पानी होता. हेमलताने त्यावर सही केली. त्या बदल्यात तिने एक मागितलं, यशवंतची बदली स्टोअरमध्ये. सबनीसांनी लगेच होकार दिला.

बदलीचं पत्र हातात पडलं तेव्हा यशवंतने एकच अर्थ लावला. चाळणीत सहा वर्षं काढलेल्या माणसाला कपडे उतरवून तपासतात आणि आठवड्याभरात काजळीपासून लांब नेऊन बसवतात, म्हणजे मशीनने त्याला चोर ठरवलं आणि बहिणीने बोभाटा न करता प्रकरण मिटवलं. तो हेमलताशी बोलेनासा झाला. ती घरी आली की तो मागच्या दाराने निघून जाई. ती डिप्लोमाला होती तेव्हा दर सोमवारी पहाटे मोटरसायकलवर तिला एस.टी.पर्यंत सोडायला येणारा हा माणूस.

पुढच्याच महिन्यात कंपनीने हेमलताला पूर्व किनाऱ्यावरच्या नव्या कारखान्यात कमानी बसवायला पाठवलं. तिथे सव्वा वर्ष गेलं. बंद चाळण आली का, असं ती महिन्या-दोन महिन्यांनी सबनीसांना लिहून विचारी. वाटेत आहे, असं उत्तर येई. यशवंत फोन घेत नसे. वहिनी घेई. वहिनीचं नाव सुगंधा. बोलायला मोकळी, पण नवऱ्याने जे सांगू नको म्हटलं ते तिने सांगितलं नाही.

हेमलता परतली त्या दिवशी तिने कमानीची यादी उघडली. बंद चाळण आलेली नव्हती. दिव्याच्या आकड्याच्या जवळ, आठशेच्या वर, आता एक्केचाळीस जण होते. यादीत खाली एक ओळ होती: सुगंधा यशवंत भुवड, चाळण विभाग, दुसरी पाळी, पाचशे तीस.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती गावी पोचली तेव्हा वहिनी अंगणात आमसुलं उलटत होती. दर दोन-चार मिनिटांनी हात थांबवून खोकत होती. यशवंत पडवीत बसला होता. या वेळी तो उठला नाही, कारण पटकन उठता येईल असा दम त्याच्यात राहिला नव्हता.

"वहिनीला चाळणीत कुणी घातलं?" हेमलताने उभ्या उभ्याच विचारलं.

"मी," यशवंत म्हणाला. "बायकांची भरती निघाली. म्हटलं, भुवडांच्या घरातलं माणूस त्याच जागी उभं राहील आणि रोज त्या कमानीखालनं मान वर करून बाहेर येईल. येते ती. एकदाही दिवा लागला नाही."

"दादा, कमान पहिल्या दिवशी खरं बोलली होती. काजळी होती तुझ्याकडे. अंगावर नव्हती, आत होती. छातीत."

तिने सगळं सांगितलं. आकडे, मूळ आकड्याची वजाबाकी, बंद चाळण, सही. यशवंत अंगणाकडे बघत ऐकत होता. वहिनी हातातलं आमसूल तसंच धरून उभी राहिली.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"त्याच दिवशी."

"म्हणजे मी पँट घालत होतो तेव्हा."

"हो."

"आणि तू मला स्टोअरमध्ये टाकलंस. का, ते बोलली नाहीस."

"मला वाटलं, तू बाहेर पडलास की बाकीचं आठ महिन्यांत..."

"बाकीचं म्हणजे ही," यशवंत म्हणाला आणि बायकोकडे बघितलं.

वहिनी पायरीवर येऊन बसली. "मी तिथे उभी राहिले त्याला अकरा महिने झाले," ती म्हणाली. "अकरा महिने तू मला फोनवर विचारत होतीस, वहिनी, खोकला कसला गो, औषध घेतलंस का. मी म्हणायचे, आमसुलाच्या आंबट वासाने होतो. तू म्हणायचीस, असेल."

"तू चाळणीत आहेस हे मला ठाऊक नव्हतं वहिनी."

"मी नसते, तर दुसरी कुणीतरी असती. तिचा खोकला तू फोनवर ऐकला नसतास, एवढंच."



सोमवारी सकाळी यशवंत कंपनीच्या फाटकावर जाऊन बसला. त्याच्या शेजारी बसला मुबारक परकार, सहा वर्षं चाळणीत त्याच्या खांद्याला खांदा लावून काम केलेला माणूस, आकडा आठशे साठ. दुपारपर्यंत दोन्ही पाळ्या बाहेर आल्या. यशवंतने बहिणीचं नाव लपवलं नाही आणि तिच्याबद्दल एक शब्द जास्तही बोलला नाही. नऊ दिवस कारखाना बंद राहिला. दहाव्या दिवशी कंपनीने दोन गोष्टी मान्य केल्या. चाळणीत हवा पुरवणारे मुखवटे लगेच येतील. आणि ज्यांच्या छातीत आठशे मिलिग्रॅमच्या वर काजळी आहे त्यांची फुफ्फुसं कंपनीच्या खर्चाने धुऊन दिली जातील.

आठशेच का, असं मुबारकने बैठकीत विचारलं. वैद्यकीय निकष आहे, असं सबनीस म्हणाले. बैठकीनंतर त्यांनी हेमलताला खरं कारण सांगितलं, कारण तिला ते आकड्यांवरून कळणारच होतं. धुतलेल्या पाण्यातली काजळी चुंबकाने काढून कंपनी परत घेणार होती. आठशेच्या वर काजळी निघाली, तर तिच्यातला ऱ्होडियम त्या माणसाच्या उपचाराचा खर्च भरून काढत होता. खाली नाही.

"हे मी पुढे नेऊ शकलो ते त्या आकड्यामुळे," सबनीस म्हणाले. "नाहीतर वरच्यांनी ऐकलंच नसतं. एक्केचाळीस माणसं वाचतायत, भुवड मॅडम. तुम्ही याच्याकडे तसं बघा."

सबनीसांनी तिला नोकरीवर ठेवलं होतं. कमान तिच्याशिवाय कुणाला समजत नव्हती, आणि यादी तीच देणार होती.

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना तपासलं. उपचार त्यांनी सोप्या शब्दांत समजावला. पूर्ण भूल द्यायची, एका फुफ्फुसावर श्वास चालू ठेवायचा, दुसऱ्यात मिठाचं कोमट पाणी भरायचं, हलवायचं आणि काढायचं. असं वीस-पंचवीस वेळा. मग काही दिवसांनी दुसरी बाजू. यशवंतची पाळी आली तेव्हा त्यांनी हेमलतालाही आत बोलावलं.

"यांच्या फुफ्फुसात आता व्रण धरलेत. काजळी त्यांच्या आत गाडली गेलीय. पाण्याने निघणार नाही, आणि भूल दिली तर हे टेबलावरून उठतील याची मला खात्री नाही. यांच्या पत्नीचं उलट आहे. त्यांची फुफ्फुसं अजून मऊ आहेत. आज धुतली तर त्या पूर्ण बऱ्या होतील. वर्षभराने त्याही यांच्यासारख्या होतील."

"मग माझी जागा तिला द्या," यशवंत म्हणाला.

हेमलताने सबनीसांना विचारलं. सबनीसांनी खेद व्यक्त केला. आकडा बसत नव्हता.

त्या संध्याकाळी यशवंतने बहिणीला स्वतःहून फोन केला. दीड वर्षात पहिल्यांदा.

"यादी तूच करतेस ना?"

"हो."

"मग तिचा आकडा वाढव."

"दादा, ते खोटं होईल."

"तू माझ्याशी एकदा गप्प राहून खोटं बोललीस. तिच्यासाठी एकदा लिहून बोल."

हेमलताने सुगंधाच्या पाचशे तीसचे आठशे सत्तर केले. सुगंधाला दोघांनीही सांगितलं नाही. यादीत आता बेचाळीस नावं झाली.

डॉक्टरीणबाईंना पहिला रुग्ण धडधाकट हवा होता, म्हणजे नवी पद्धत नीट पारखता आली असती. बेचाळीस जणांत सगळ्यात धडधाकट सुगंधा होती. तिचं उजवं फुफ्फुस मंगळवारी धुतलं, डावं पुढच्या मंगळवारी. पहिल्या पाण्याचा रंग शाईसारखा होता, शेवटचं पाणी नितळ निघालं. तिसऱ्या आठवड्यात ती हॉस्पिटलचे चार जिने न थांबता चढली आणि वर पोचल्यावर हसली. यशवंत खाली बाकावर बसून बघत होता.

चौथ्या आठवड्यात सबनीसांनी हेमलताला बोलावलं. टेबलावर काचेची छोटी बाटली होती. तळाला काळी पूड.

"तुमच्या वहिनींची काजळी. वजन चारशे नव्वद. कमानीने आठशे सत्तर सांगितली होती." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "याचा अर्थ आपली कमान जवळजवळ दुपटीने जास्त दाखवते. म्हणून सर्व आकड्यांना दुरुस्तीचा गुणक लावला आहे. शून्य पूर्णांक छप्पन."

हेमलताने कागद पाहिला. एक्केचाळीस नावं. सगळ्यात वरचा आकडा यशवंतचा, पाचशे सव्वीस. मुबारक परकार चारशे ब्याऐंशी.

"आठशेच्या वर कुणीच नाही," ती म्हणाली.

"नाही. त्यामुळे योजना बंद होईल. आनंदाची गोष्ट आहे एका परीने. आपल्याला वाटलं होतं तेवढी काजळी कुणाच्याच छातीत नाही."

ती बाहेर आली आणि थेट यशवंतकडे गेली. तो आता खाटेवर बसूनच झोपत असे. आडवं झालं की गुदमरायचा. वहिनी नदीवर गेली होती.

"मी उद्या सबनीसांना लिहून देणार आहे, की आकडा मी बदलला," हेमलता म्हणाली.

"नको."

"दादा, एक्केचाळीस माणसं आहेत."

"त्यात मी आहे. मला धुतलं काय, न धुतलं काय. राहिले चाळीस." बोलताना त्याला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "तू लिहून दिलंस की सुगंधाने कंपनीला फसवून उपचार घेतला असं होणार. तिच्यावर केस करतील. ती आत्ता कुठे जिना चढायला लागलीय."

"नऊ दिवस तूच फाटकावर बसला होतास. सगळ्यांसाठी."

"तेव्हा तीही खोकत होती," यशवंत म्हणाला. "हेमा, मला आता चाळीस घरं दिसत नाहीत. एक दिसतं. तुलाही तेव्हा एकच दिसलं होतं. मला स्टोअरमध्ये टाकलंस तेव्हा."

हेमलता उठली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "लिहून दिलंस, तर माझ्या बाराव्याला येऊ नकोस."

तिने लिहून दिलं. दोन पानं, तारखांसकट. सुगंधाला यातलं काही माहीत नव्हतं, हे तिने दोनदा लिहिलं. सबनीसांनी ती दोन्ही पानं नीट वाचली आणि घडी घालून तिला परत दिली.

"हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "त्यांचा मूळ आकडा मी आधीच्या यादीत पाहिलेला होता. पाचशे तीसपैकी चारशे नव्वद निघाले. कमान उत्तम चालते तुमची."

"मग गुणक कशाला लावलात?"

"तुम्ही दिलात म्हणून. चाळीस जणांना भूल द्यायची, त्यातले दोन-तीन दगावणार, मग चौकशी. वरच्यांना ही योजना पहिल्या दिवसापासून नको होती. त्यांना शास्त्रीय कारण हवं होतं. मी शोधत होतो, आणि ते तुमच्या हातून आलं."

"कमानीच्या मूळ नोंदी आहेत. मी त्या दाखवीन."

"नोंदी नव्या गुणकाने पुन्हा लिहून झाल्या. परवाच."

"मग दुसऱ्या कुणाला तरी धुवा. मुबारक परकारना धुवा. वजन करा. खरं काय ते दिसेल."

"कुणाला धुणार?" सबनीसांनी मनापासून विचारल्यासारखं विचारलं. "आठशेच्या वर कुणी नाही."

सबनीस उठून तिला दारापर्यंत सोडायला आले.

"तुमच्या वहिनींवर कुणी केस करणार नाही," ते म्हणाले. "केस केली तर आकडा खोटा होता असं म्हणावं लागेल. आम्ही ते कधीच म्हणणार नाही. घरी सांगा, निश्चिंत राहा."

दुसरी पाळी तीन वाजता लागत असे. हेमलता दोनच्या सुमाराला मुबारकच्या घरी पोचली. तो जेवून हात धुत होता. त्याची बायको जुलेखा डबा भरत होती. मुबारकने खुर्ची पुढे केली.

"ये बाय. बरं झालं आलीस. तुला विचारायचंच होतं. माझा आकडा आठशे साठ होता ना? आता नोटीस लागलीय, चारशे ब्याऐंशी. जुलेखाला म्हटलं, अल्लाची मेहेर, निम्मी गेली. मुखवट्याने गेली असेल, नाही?"

"गेली नाही, मुबारकभाई," हेमलता म्हणाली. "आहे तेवढीच आहे. वाढलीही असेल."

तिने तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी तिचा स्वतःचा भाग जास्त होता. वहिनीचा आकडा कसा बदलला, बाटलीत किती निघाली, गुणक कुठून आला. जुलेखाचे हात डब्याच्या झाकणावर थांबले होते. मुबारक खाली मान घालून ऐकत होता. मध्येच त्याला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. हेमलताने पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. जुलेखाने पाणी दिलं नाही आणि हात आडवा धरून तिलाही उठू दिलं नाही; अशा खोकल्यात पाणी प्यायलं की ठसका लागे. खोकला आपोआप थांबला.

"सुगंधा बरी आहे?" मुबारकने विचारलं.

"हो. चार जिने चढते."

"चांगली आहे ती. चाळणीत माझ्या शेजारी होती. तिला मीच शिकवलं काजळी कशी धरायची ते." त्याने तोंड पुसलं. "तुमच्या घरचा निर्णय तुम्ही दोघांनी केलात. तू आणि यशवंतने."

"मी लेबर ऑफिसात जाणार आहे. सगळं लिहून देईन. मला शिक्षा होईल, पण चौकशी होईल. मग धुवावंच लागेल त्यांना."

"किती दिवस लागतील?"

ती खोटं बोलू शकली असती. "वर्ष. दीड वर्षही लागेल."

"डॉक्टरीणबाय मला म्हणाल्या होत्या, सहा महिन्यांच्या आत धुवायला हवं. त्यानंतर माझं यशवंतसारखं होईल." मुबारकने बूट ओढून घेतले आणि बसल्या बसल्या घालू लागला. वाकलं की त्याला श्वास कमी पडत होता, म्हणून तो एक बूट घालून थांबला आणि मग दुसरा घातला. "एक सांगू बाय? तुझ्या वहिनीचा आकडा वाढवायच्या आधी तू माझ्याकडे येऊन विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

"नाही," मुबारक म्हणाला. "मी नाही म्हणालो असतो."

जुलेखाने डब्याचं झाकण दाबून लावलं आणि डबा नवऱ्याच्या हातात दिला. नव्या आकड्याप्रमाणे तो कामाला योग्य होता आणि त्याची पाळी चाळणीतच लागली होती. तो कंपनीच्या बसकडे निघाला. मधल्या चढावर दोनदा थांबला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

हेमलता अंगणात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, जुलेखा काहीतरी बोलेल. जुलेखाने तिच्यासाठी मांडलेली खुर्ची उचलून आत नेली आणि दार लावून घेतलं.